बेकारीची हजेरी

माझं एम्प्लॉयमेंटचं कार्ड अजून माझ्याकडे आहे. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, शाई उडालेली. पुढच्या बाजूला नाव, जन्मतारीख, पात्रता आणि नोंदणीचा दिनांक. मागच्या बाजूला नूतनीकरणाचे रकाने. त्यात तीन शिक्के आहेत, चौथा नाही. त्या चौथ्याविषयी पुढे सांगतो.

१९९१ साली मी बारावी झालो आणि त्याच उन्हाळ्यात नाव नोंदवलं. आमचं तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, दोन्हींच्या साधारण मधोमध. बाजार, दवाखाना, सिनेमा, लग्नाचा बस्ता, सगळं सोलापूरला. पण सोलापूर म्हणजे दुसरा जिल्हा. सरकारी कागद निघायचा तो आमच्या जिल्ह्याच्या गावी, म्हणजे आधी तुळजापूर, तिथं एसटी बदलून उस्मानाबाद. आताचं धाराशिव. जवळचं शहर परकं आणि लांबचं आपलं, ही गंमत १९४८ च्या आधीची आहे. सोलापूर इंग्रजांचं आणि आम्ही निजामाचे. राज्यं गेली, पण अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा हे त्या जुन्या शिवेनंच ठरवलं.

नोंदणी झाली की दर तीन वर्षांनी जाऊन शिक्का मारून आणायचा. मुदत गेली की ज्येष्ठता गेली, आणि ज्येष्ठता हीच तर सगळी कमाई. जागा निघाली की कार्यालय यादी काढणार, यादीत आधी नोंदवलेल्यांना आधी ‘कॉल’ येणार. त्या काळात गावात पोस्टमन दिसला की पोरं पारावरून उठून उभी राहायची. मला बारा वर्षांत चार कॉल आले. एक शिपायाचा, दोन लिपिकाचे, आणि एक पहारेकऱ्याचा, जिथं एका जागेसाठी आम्ही इतके जण जमलो होतो की रांग कंपाउंडच्या बाहेर गेली होती.

अधूनमधून आम्हाला ‘मार्गदर्शन सत्रा’ला बोलावलं जाई. एक सभागृह, पंखे बंद, समोर एक साहेब. नोकरीच्या मागे लागू नका, नोकरी देणारे व्हा, हे तिथं मी पहिल्यांदा ऐकलं. मग शेळीपालन, कुक्कुटपालन, बँकेचं बीजभांडवल. शेवटी रजिस्टर फिरायचं आणि आम्ही सह्या करायचो. आलं नाही तर कार्ड रद्द होतं अशी अफवा होती. बेकार माणसाला अफवा आणि नियम यांत फरक करण्याची चैन परवडत नाही. आम्ही सगळे जायचो. जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं वडिलांकडून घ्यायचो, आणि ते देताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

अशाच एका सत्राहून परत आलो तेव्हा आजीनं विचारलं, “काय काम दिलं?”

“काम नाही. बसलो, ऐकलं, सही केली.”

“मग पैसं?”

“पैसे कसले, आजी?”

ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “मग हजेरी कशाला लावली रं?”

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुष्कळ वर्षं मिळाली. बेकार असतानाच मी बाहेरून इतिहासात एम.ए. केलं, कारण वेळ होता. नोकरी त्या एम.ए.नंही लागली नाही. पण आजी जे बोलली होती ते तिच्या एकटीचं नव्हतं, त्याला सव्वाशे वर्षांचा पूर्वेतिहास होता, एवढं मात्र कळलं.

आजी हजेरी लावायची ती बहात्तरच्या दुष्काळात. १९७२ चा पाऊस गेला, त्याआधीची दोन वर्षंही धड नव्हती. आमच्या घरी सोळा एकर कोरडवाहू, आणि तरी सासू-सून दोघी पाझर तलावाच्या कामावर. शेत असलेली आणि नसलेली अशा दोन्ही घरांतली माणसं एकाच टोळीत आली, हे आजी शेवटपर्यंत नवलानं सांगायची. सकाळी मुकादम मस्टर काढायचा, नावं पुकारायचा. ज्याचं नाव पुकारलं आणि जो ‘हाय’ म्हणाला त्याचा दिवस भरला. मग खड्ड्याची मापं. रस्त्याच्या कामावर असेल तर खडी फोडून ब्रास लावायचा. मजुरी कधी दोन रुपये, कधी तीन. सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापता येत नाही, ती चिरते, हे सांगताना आजीला जुना राग यायचा. उपासमारीचा राग कधी आला नाही, तो मात्र यायचा.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दुष्काळावर बारकाईनं लिहिलं आहे, आणि त्यांचा मुद्दा असा की धान्याची इतकी तूट असूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत ते मुख्यतः या कामांमुळे. धान्य फुकट वाटून हे झालं नाही. मजुरी देऊन झालं, आणि मजुरीसाठी हजेरी लागत होती.

पण ही हजेरी मुळात कुणी काढली? त्यासाठी आणखी मागं जावं लागतं, १८७६-७७ च्या दुष्काळापर्यंत. दख्खनमधल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा सोलापूर होता. सरकारनं कामं काढली, पण कामावर येणारा खरोखर भुकेला आहे की फुकटचं खायला आलाय, हा प्रश्न साहेबांना फार छळत होता. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल हे खास प्रतिनिधी म्हणून दौऱ्यावर निघाले आणि त्यांनी मजुरी खाली आणली. माणशी दिवसाला एक रत्तल धान्य पडेल एवढे पैसे, वर आणा-अर्धा आणा. इतिहासात ही ‘टेंपलची मजुरी’ म्हणूनच ओळखली जाते. शिवाय अंतराची कसोटी. काम घराजवळ द्यायचं नाही. घर सोडून दूरच्या छावणीत राहायला जो तयार होईल तो खरा गरजू. घरी म्हातारी माणसं आहेत, जनावरं आहेत, म्हणून जो येणार नाही त्याला गरजच नाही असं धरायचं.

यावर मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी जे केलं ते आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं होतं. त्यांनी कामं सोडली. लाखाच्या घरात माणसं, पोट खपाटीला गेलेलं असताना, कामावरून उठून घरी गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, त्यात गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका पुढे होते, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठवले. उपाशी माणसांचा संप ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांना समजलीच नाही. त्यांच्यातल्या काहींनी त्याचा अर्थ असा लावला की कामं सोडून गेले म्हणजे यांना गरज नव्हतीच. कसोटी बरोबर होती!

पुढे रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला, आणि १८८३ मध्ये फॅमिन कोडचा मसुदा. त्यात अंतराच्या कसोटीवरचा भर कमी झाला. कामाची कसोटी मात्र पक्की झाली. धडधाकट माणसानं मदत मागितली तर त्याला काम द्यायचं, कामाचं माप घ्यायचं, मजुरी जगण्यापुरती ठेवायची. मग खरा-खोटा गरजू ओळखायला वेगळी चौकशी लागत नाही. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानं जे काम वर्कहाउसच्या भिंतींकडून करून घेतलं, ते इथं खडीच्या ढिगाकडून करून घेतलं.

आजी ज्या मस्टरवर ‘हाय’ म्हणाली ते मस्टर या घराण्यातलं. हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही, कारण मधल्या काळात वि. स. पागे नावाचा माणूस होऊन गेला.

पागे विधान परिषदेचे सभापती, गाव सांगली जिल्ह्यातलं विसापूर, तासगाव तालुका. १९६५ मध्ये त्यांनी आपल्याच भागात एक प्रयोग करून पाहिला: मागेल त्याला काम. साधं वाटतं. पण फॅमिन कोडमध्ये दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवत होतं आणि मग कामं काढत होतं. इथं काम कधी निघणार हे मागणारा ठरवणार होता. १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही योजना राज्यभर लागू झाली, लगेच दुष्काळी कामांच्या धबडग्यात ती बाजूला पडली, आणि १९७४ पासून पुन्हा उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आणायचा? तर १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदार वाचकांनी आपली पगाराची पावती काढून बघावी. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो कर सुरू झाला तो आमच्या आज्यांच्या मजुरीसाठी. मुंबई-पुण्याकडून पैसा घेऊन मराठवाड्यातल्या मातीत टाकण्याचं इतकं उघड काम महाराष्ट्रात क्वचितच झालं असेल.

या कायद्यात एक कलम होतं ज्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारभत्ता. रक्कम चहापाण्याची, दिवसाला एक-दोन रुपये. पण शेतमजुराला, तेही हक्क म्हणून, बेकारीचा भत्ता देऊ करणारा कायदा. प्रत्यक्षात तो मिळालेली माणसं शोधून काढावी लागतील. भत्ता देणं म्हणजे काम देता आलं नाही अशी कबुली देणं, आणि कोणत्या तहसिलीला ती आवडेल? त्यापेक्षा अर्ज न घेणं सोपं. अर्ज घेतला तर तारीख न टाकणं त्याहून सोपं.

मे १९८८ मध्ये शेतमजुरांचं किमान वेतन वाढलं, पाठोपाठ रोजगार हमीची मजुरीही वाढली. त्यानंतर कामावरची हजेरी वाढायला हवी होती. ती घटली. मजुरी चांगली झाली, कामं कमी निघाली. हमी कागदावर तशीच होती, तिच्या दारापर्यंत पोचणं अवघड झालं.

आता माझ्या कार्डाकडे येतो, कारण त्याची वंशावळ वेगळी आहे.

इंग्लंडमध्ये १९०९ च्या कायद्यानं लेबर एक्स्चेंज निघाली आणि १ फेब्रुवारी १९१० ला उघडली. १९११ मध्ये बेकारीचा विमा आला आणि या दोन गोष्टी जोडल्या गेल्या: विम्याचे पैसे हवेत तर एक्स्चेंजच्या खिडकीवर येऊन सही करा. पुढे महायुद्धानंतर बेकारी वाढली तशी शंकाही वाढली. १९२१ मध्ये अट आली की अर्जदार ‘मनापासून काम शोधत’ असला पाहिजे, आणि तसं शोधत असल्याचा पुरावा त्यानंच द्यायचा. गावात काम नाही हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना माहीत. तरी माणूस रोज कारखान्यांच्या फाटकांवर हिंडायचा, ‘नाही’ ऐकायचा, आणि किती ठिकाणी ‘नाही’ ऐकलं त्याची यादी समितीपुढे ठेवायचा. बायकांचे अर्ज तर फारच फेटाळले गेले. कामगार संघटनांनी ओरड केली तेव्हा १९३० मध्ये ती अट निघाली. १९९६ मध्ये ‘जॉबसीकर्स अलाउन्स’ या नावानं तीच कल्पना नवे कपडे घालून परत आली: ठरावीक दिवशी हजर राहा, काय शोधलं ते दाखवा, नाहीतर भत्ता बंद.

आपल्याकडे एक्स्चेंज आली ती जुलै १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. फाळणीनंतर निर्वासित आले, १९४८ मध्ये दारं सगळ्यांना उघडली, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून ती राज्यांच्या ताब्यात आली. योगायोग असा की त्याच दिवशी मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आला. १९५९ चा कायदा तर मला नेहमी कुणीतरी डोळा मारून लिहिल्यासारखा वाटतो. मालकानं रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं सक्तीचं. एक्स्चेंजनं पाठवलेला माणूस घेणं मात्र सक्तीचं नाही. तेही त्याच कायद्यात लिहिलेलं.

म्हणजे इंग्लंडातून खिडकी आली, सही आली, मुदत आली. खिडकीतून मिळायचे ते पैसे तेवढे आले नाहीत. केरळ, पश्चिम बंगाल अशा काही राज्यांनी पुढे सुशिक्षित बेकारांना थोडाफार भत्ता दिला. आम्ही कशासाठी हजर होतो ते कार्डावर लिहिलेलं नव्हतं, पण खरं कारण रांग होतं. रांगेतली जागा टिकवण्यासाठी आम्ही रांगेत होतो.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की केवळ एक्स्चेंजच्या यादीतून भरती करणं योग्य नाही, जाहिरातही द्यावी आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार व्हावा. तत्त्व म्हणून मला हा निकाल पटतो. ज्याचं नाव यादीत नाही त्याला संधीच नाही, हे कसं चालेल? पण आम्ही पाच वर्षं मुरवलेली ज्येष्ठता त्या दिवशी पातळ झाली, आणि आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. मी १९९७ ला शिक्का मारून आलो, २००० ला मारून आलो. २००३ च्या उन्हाळ्यात वडील सोलापुरात दवाखान्यात होते, दोन महिने. तारीख निघून गेली. नंतर गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं की आता नवीन नोंद होईल, आजच्या तारखेपासून. तो नियमानंच वागला. उलट त्यानं मला पाणी विचारलं. मी नवीन नोंद केली नाही. परत येताना तुळजापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज वाटली, कारण वडील अजून दवाखान्यातून पुरते सावरले नव्हते आणि माझी कमाई शून्य होती.

त्यानंतर मी झेरॉक्सचं दुकान टाकलं. आता तिथं ऑनलाइन फॉर्म भरतो. एम्प्लॉयमेंट कार्डाची जागा महास्वयंच्या पोर्टलनं घेतली आहे, आणि आमच्याकडची पोरंपोरी नोंदणीसाठी माझ्याच टेबलापुढे बसतात. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा, सहा महिने, पुढे ते अकरा झाले. कुणी शाळेत, कुणी ग्रामपंचायतीत. हजेरी लागली तर विद्यावेतन. आजीला हे पटलं असतं: हजेरी आहे तर पैसेही आहेत. मुदत संपल्यावर तीच मुलं परत आली, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र स्कॅन करायला. हे आता कुठे जोडायचं, काका? मी म्हणालो, जिथं जिथं ‘अनुभव’ विचारतील तिथं. दुसरं काय सांगणार.

एक प्रसंग राहिला. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या दहा-बारा बायका दुकानात आल्या. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याखाली त्यांना काम मागायचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांचे तोंडी अर्ज दोनदा ‘बघू’ म्हणून परत गेले होते. या कायद्यातही पंधरा दिवस होते, आणि भत्ता आधीपेक्षा बरा: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव भाग, पुढे किमान निम्मा. मजुरीचा मोठा भार केंद्रावर आणि भत्ता मात्र राज्याच्या खिशातून, म्हणजे काम देण्यात राज्याचा फायदा अशी ती रचना. बायकांच्या बाजूनंही अट होती. काम दिलं आणि पंधरा दिवसांत हजर झाल्या नाहीत, किंवा महिन्यात आठवड्याहून जास्त विनापरवानगी गैरहजर राहिल्या, तर तीन महिने भत्त्याचा हक्क गेला. ही अट मी त्यांना वाचून दाखवली. त्यांच्यातली एक वयस्क बाई म्हणाली, “आमी हजर न्हाई ऱ्हानार? आमाला दुसरं काय काम हाय?”

नमुना चार भरला. सह्या, अंगठे. मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: अर्ज देऊन निघून यायचं नाही, तारीख टाकलेली पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. माझ्या बारा वर्षांत मी खिडकीवर किती तरी सह्या केल्या होत्या. खिडकीनं मला सही करून द्यावी, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्या दुपारपर्यंत बसून राहिल्या. साहेब नाहीत, शिक्का कपाटात आहे, उद्या या. त्या बसून राहिल्या. चार वाजता पोच मिळाली, तारखेसकट. परत येताना ती दुकानात घेऊन आल्या आणि त्या वयस्क बाईनं ती काचेखाली ठेवायच्या फोटोसारखी धरून विचारलं, हिला प्लास्टिक चढवायला किती घेतोस? मी पैसे घेतले नाहीत.

चौदाव्या दिवशी काम निघालं. बांधबंदिस्तीचं होतं, गावापासून दीड किलोमीटरवर. सकाळी सात वाजता सगळ्या हजर होत्या.